मिनेर्वला जाताय? आधी नदीत उतरा

मिनेर्व या दक्षिण फ्रान्समधल्या छोट्या गावाला येणारे बहुतेक लोक दुपारी येतात, पुलावरून चालत आत शिरतात, एका गल्लीनं वर, दुसरीनं खाली, आइस्क्रीम, फोटो आणि तासाभरात परत गाडीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तेच केलं. गाव सुंदर आहे, एवढंच घेऊन तुलूझला परतले. दुसऱ्यांदा गेले ती आई आणि नानांना घेऊन. नाना म्हणजे माझे वडील, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी उरकून, बाग काकांवर सोपवून आले होते. गाडीतून उतरल्यावर त्यांनी दरीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या कड्यावर गाव वसवलं, तर पाणी कुठून भरायचे गं हे?"

त्या प्रश्नामागे आम्ही अख्खा दिवस हिंडलो. तेव्हा कुठे मला मिनेर्व कळलं. त्यानंतर नाशिक-पुण्याकडून जे जे पाहुणे आले, त्यांना मी त्याच क्रमानं गाव दाखवते. तोच क्रम इथे लिहून ठेवते आहे.

कधी जायचं, कसं जायचं

गाव दक्षिण फ्रान्समधल्या एरो जिल्ह्यात आहे. वस्ती शंभर-सव्वाशे माणसांची. पण आजूबाजूच्या सगळ्या द्राक्षपट्ट्याला मिनेर्व्वा हे नाव याच चिमुकल्या गावावरून पडलंय. तुलूझहून मोटारवेनं लेझिन्यान-कोर्बियेरपर्यंत, तिथून ओम्प्स, ओलोंझाक, आझियाने असं वर चढत यायचं. दोन तास धरा. आगगाडीनं येणाऱ्यांनी नार्बोनला उतरून गाडी भाड्यानं घ्यावी. गाडीशिवाय हा दिवस नीट जमत नाही, कारण गावाइतकंच गावाभोवतीचं पाहायचं असतं.

महिने दोन वेळचे चांगले. मे-जून, नाहीतर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी चुनखडीचा कातळ तव्यासारखा तापतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. हिवाळ्यात निम्मं गाव कुलूपबंद असतं. शरद ऋतूत एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा: या भागात तेव्हा काही तासांत धो-धो पाऊस कोसळतो आणि कोरड्या नद्या अचानक लोंढ्यानं भरतात. निघण्याआधी मेतेओ-फ्रान्स या इथल्या हवामान खात्याचा इशाऱ्यांचा नकाशा बघा. एरो जिल्हा नारिंगी असेल तर नदीपात्रात उतरायचंच नाही. पिवळा असला तरी मी उतरत नाही.

ओलोंझाकला थांबून पाव, फळं आणि माणशी दीड लिटर पाणी घ्या. मंगळवारी सकाळी तिथे बाजार भरतो, तो दिवस जमला तर उत्तम. शाकाहारी असाल तर डबा सोबत ठेवा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पायात पकड असलेले बूट हवेत. नाना वहाणांवर आले होते आणि गोट्यांवरून चालताना त्यांना माझा हात धरावा लागला.

नऊच्या आत पोचा. गाडी गावात नेता येत नाही, बाहेरच्या वाहनतळावर लावायची.

पहिल्यांदा समोरच्या पठारावर

गावात शिरायची घाई नको. आधी दरीच्या पलीकडच्या काठावर या. इथून गाव एखाद्या गलबतासारखं दिसतं. दोन्ही बाजूंना खोल घळ, एकीकडून सेस नदी, दुसरीकडून ब्रिआँ, आणि दोघींच्या संगमावर कातळाचं टोक. त्या टोकावर करड्या दगडांची घरं. मुख्य जमिनीशी गाव जोडलंय ते फक्त एका अरुंद मानेनं. मानेवर दगडी बुरुजाचा एक उभा सुळका दिसेल. त्याला कांदेला म्हणतात, मेणबत्तीसारखा दिसतो म्हणून. किल्ल्याचं ठळक दिसावं असं एवढंच उरलंय. महाल, दरबार असं काही शोधत आलात तर हाती काही लागणार नाही. या गावाचा खरा कोट म्हणजे या दोन घळी.

पठारावर लाकडी धोंडफेकीची, म्हणजे मोठे दगड भिरकावणाऱ्या युद्धयंत्राची, एक मोठी प्रतिकृती उभी केली आहे. तिच्या मागे उभे राहा आणि ती ज्या दिशेला रोखली आहे तिकडे नजर न्या.

सन १२०८. पोपनं दक्षिण फ्रान्समधल्या काथार पंथाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. काथार स्वतःला खरे ख्रिस्ती म्हणवत. हे भौतिक जग चांगल्या देवानं घडवलेलं नाही असं त्यांचं मानणं होतं. त्यांच्यातले दीक्षित स्त्री-पुरुष मांस, अंडी, दूध वर्ज्य करत, शपथ घेत नसत, संपत्ती बाळगत नसत. २२ जुलै १२०९ ला बेझिए शहरात मोठी कत्तल झाली. पुढच्या उन्हाळ्यात या धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोर सैन्य घेऊन मिनेर्वखाली आला. इथल्या गियेम नावाच्या सरदारानं काथारांना आसरा दिला होता.

जून संपता संपता वेढा पडला. घळींमुळे चढाई करणं अशक्य होतं, म्हणून मोंफोरनं चार यंत्रं लावली. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या यंत्राला सैनिकांनी नाव ठेवलं 'मालव्वाझीन', म्हणजे वाईट शेजारीण. तिचा मारा होता गावाच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीकडे उतरणाऱ्या झाकलेल्या वाटेवर. घरं फोडण्यापेक्षा पाणी तोडणं सोपं, हे मोंफोरला कळलं होतं. एका रात्री गावातले काही जण चोरपावलांनी येऊन यंत्राला आग लावून गेले. वाळकी लाकडं, चरबी, सगळी तयारी करून आले होते. पण शत्रूचा एक माणूस नेमका त्याच वेळी बाहेर आला आणि त्यानं आरडाओरडा केला. आग विझवली गेली, दगड पडत राहिले.

"आपल्या गडांवर टाकी असतात कातळात खोदलेली," नाना म्हणाले. "ब्रह्मगिरीवर बघ, अंकाईवर बघ. यांची विहीर खाली राहिली ना."

२२ जुलै १२१० ला गाव शरण आलं, बेझिएच्या कत्तलीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. सरदाराचा आणि गावकऱ्यांचा जीव वाचला. दीक्षित काथारांना सांगितलं गेलं, पंथ सोडा आणि जगा. तीन बायका परत फिरल्या. १४० जणांनी नकार दिला आणि त्यांना चितेवर जाळलं. मोंफोरच्या बाजूनं लिहिणाऱ्या वृत्तांतकारानंसुद्धा लिहून ठेवलंय की त्यांना ढकलावं लागलं नाही, ते स्वतःहून आगीत शिरले.

हे सगळं पठारावर उभं राहूनच वाचा किंवा मुलांना सांगा. गल्लीत, दुकानांच्या गर्दीत ते मनात उतरत नाही.

मग विहीर, मग नदी

आता खाली उतरा. गावाच्या पायथ्याशी, नदीच्या अंगाला त्या विहिरीचे अवशेष आहेत. संत रुस्तिकच्या नावानं ती ओळखली जाते. दिसायला फार काही नाही, पुष्कळ लोक तिच्यावरून नुसते पुढे जातात. तुम्ही थांबा, वर गावाकडे बघा आणि मग समोरच्या पठारावर त्या यंत्राकडे बघा. अंतर डोळ्यांनी मोजा. आई तिथल्या दगडावर बसली आणि एकच वाक्य बोलली, "रणरणत्या उन्हात, लेकराबाळांसकट." आम्हीही जूनमध्येच आलो होतो. सकाळचे साडेदहाच वाजले होते आणि पाण्याची पहिली बाटली संपली होती.

तिथून सेसच्या पात्रात उतरा. उन्हाळ्यात ते ठणठणीत कोरडं असतं. पाणी आटलेलं नसतं, ते जमिनीत शिरलेलं असतं. चुनखडीच्या भेगांतून नदी वरच्या बाजूलाच खाली उतरते आणि पोटातून वाहते. हीच नदी पूर्वी गावाजवळ मोठी वळणं घेऊन जायची. मग तिनं वळसा सोडला आणि कातळच आरपार कोरून काढला. त्यातून दोन बोगदे तयार झाले, त्यांना इथे नैसर्गिक पूल म्हणतात. मोठा दोनशे मीटरपेक्षा जास्त लांब आहे.

मोठ्या बोगद्यात शिरलात की पाच पावलांवर हवा बदलते. बाहेर भट्टी, आत गारवा. पायाखाली नदीनं घासून गुळगुळीत केलेले गोटे, मधूनमधून वाळू. डोक्यावरचं छत तुमच्या घरापेक्षा कितीतरी उंच. मधोमध जरा अंधार होतो तिथे मोबाइलचा दिवा लावा, पण लगेच चालू लागू नका. भिंतीला हात लावा. नानांनी तळवा टेकवला आणि बोटं हळूहळू खाली आणली. कंबरेइतक्या उंचीपर्यंत दगड काचेसारखा घोटलेला, त्याच्या वर खरखरीत. "इथपर्यंत रोजचं पाणी," ते म्हणाले, "आणि वर कधीतरीचं." मग वर मान करून खाचेत अडकलेली वाळकी फांदी त्यांनी मला दाखवली. आमच्या डोक्याच्या बरीच वर होती. पुराचं पाणी कुठवर चढतं ते त्या फांदीनं सांगितलं. मेतेओचा नकाशा बघा असं मी का म्हणते, ते तिथे कळेल.

गाव

नदीतून खालच्या दरवाजानं गावात चढा. चढ दमवणारा आहे, वयस्कर माणसं असतील तर मध्ये दोनदा बसा. पुलावरून येण्यापेक्षा ही वाट निवडण्याचं कारण असं की पाणी घेऊन वर जाणाऱ्या माणसाच्या पायांनी गाव कळतं.

वरच्या गल्लीचं नाव रू दे मार्तिर, हुतात्म्यांची गल्ली. तिनं चालत सेंत-एतियेन चर्चपाशी या. चर्च लहान, रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीच्या बांधणीचं, आणि बरेचदा बंद असतं. उघडं मिळालं तर आतली पांढऱ्या संगमरवराची वेदी बघायला विसरू नका. नार्बोनचा बिशप रुस्तिक यानं आपल्या बिशपपदाच्या तिसाव्या वर्षी ती करून घेतली, असं तिच्यावर कोरलंय. म्हणजे सन ४५६ च्या सुमाराची. पुढच्या काही शतकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्यावर आपापली नावं ओरखडून ठेवली आहेत.

चर्चबाहेर एक उभी शिळा आहे, झां-ल्युक सेवेराक या शिल्पकारानं घडवलेली. दगड आरपार कापून त्यात कबुतराचा आकार काढलाय. कबुतर म्हणजे तिथे दगड नाही, फक्त मागचा उजेड. आधी एका बाजूनं बघा, मग फिरून दुसऱ्या बाजूनं. जळालेल्यांसाठी याहून चांगलं स्मारक मी कुठेही पाहिलेलं नाही.

कांदेलाजवळ जाऊन या. मुलं सोबत असतील तर युरपेल संग्रहालयात मातीच्या छोट्या बाहुल्यांतून काथारांची सगळी कथा मांडली आहे, तिथे अर्धा तास जातो. डबा सावलीत बसून खा आणि कचरा सोबत परत न्या.

बागेत

दुपारी बारा ते दोन सगळे बागायतदार जेवायला जातात, दारं बंद. दोननंतर जा आणि शक्यतो आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या. दारात पहिला शब्द 'बोंझूर'. तो न म्हणता थेट प्रश्न विचारला की इथल्या माणसाचा चेहरा बदलतो. मग बागेत पाय ठेवू का ते विचारा. न विचारता ओळीत शिरायचं नाही आणि घड तोडायचा नाही. हे आपल्याकडच्या बागायतदारालाही लागूच आहे.

आम्ही गेलो त्या बाई साठीच्या पुढच्या. त्यांनी आम्हाला कारिन्यां जातीच्या जुन्या बागेत नेलं. नाना बांधावरच थबकले. ना वाय आकाराचा सांगाडा, ना मांडव, ना तार, ना ठिबक. गुडघ्याएवढी बुटकी झाडं सुटी-सुटी उभी. मनगटापेक्षा जाड, पिळवटलेलं खोड आणि त्याच्या डोक्यावर पेल्यासारखे चार-पाच फाटे. या पद्धतीला गोबले म्हणतात, म्हणजे पेलाच. या भागात सेर नावाचा कोरडा वारा वायव्येकडून सतत वाहतो. बुटक्या झाडाला तो मोडत नाही आणि पानांवरचं दव चटकन वाळवून टाकतो.

"पाणी?" नानांनी मला विचारायला सांगितलं. बाईंनी बोट खाली केलं. मुळं. चुनखडीच्या भेगांतून ती खोल जातात, नदी जिथे गेली तिकडेच. जुन्या झाडावर माल किती, तर किलो-दीड किलो. नानांनी दोनदा विचारून खात्री केली. त्यांच्या थॉमसनच्या मानानं तो काहीच नव्हे. पण त्यांनी एक पान उलटं करून बघितलं, त्यावरचे निळसर ठिपके अंगठ्यानं पुसले आणि म्हणाले, "बोर्डो!"

बाईंना तेवढा एक शब्द कळला. मोरचूद आणि चुना यांचं ते मिश्रण बोर्डो शहराच्या आसपास १८८० च्या दशकात डाऊनी या वेलीवरच्या रोगावर लागू पडलं, म्हणून त्याचं नाव बोर्डो. नाना तो शब्द लहानपणापासून बोलतात आणि ते एका गावाचं नाव आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढचा अर्धा तास मला दुभाषेपणाची फार गरज पडली नाही. भुरी रोग कधी येतो, छाटताना काडीवर डोळे किती ठेवता, हे दोघांनी हातांनी विचारलं आणि हातांनी सांगितलं. फायलोक्सेरा या मुळावरच्या मावेसारख्या किडीनं एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि अमेरिकी खुंटावर कलम करून त्या वाचवाव्या लागल्या. आपल्याकडचा डॉगरिज हा खुंटही तिकडचाच, टेक्सासचा. खुंटाची गोष्ट निघाली की कोणत्याही द्राक्षवाल्याशी मैत्री होते, हे लक्षात ठेवा.

बाजारभावाची गोष्टही विचारा. जवळच्या आर्जेलिए गावातून ११ मार्च १९०७ ला ८७ जण नार्बोनला चालत गेले. बनावट, साखर घातलेल्या वाइनमुळे भाव कोसळला होता. मार्सेलें आल्बेर हा कॉफीघर चालवणारा त्यांचा पुढारी होता आणि पुढे जूनमध्ये मोंपेलिएत लाखोंचा मोर्चा निघाला. त्याच महिन्यात भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. नाना हे ऐकताना मान हलवत होते. नाशिकच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

चव

वाइन घेणाऱ्यांसाठी: क्रम पांढरी, गुलाबी, लाल आणि सगळ्यात शेवटी गोड. घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकणं इथे शिष्टाचाराला धरूनच आहे, आणि गाडी चालवणाऱ्यानं तर थुंकायलाच हवं. फ्रान्समध्ये रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि इथले रस्ते वळणांचे आहेत. वेळ काढून चाखायला दिलं असेल तर निदान एक बाटली घ्यावी. मिनेर्व्वा हे नाव लावायचा अधिकार या पट्ट्याला १९८५ मध्ये मिळाला, तर ला लिव्हिनिएर गावाच्या लाल वाइनला स्वतःचं वेगळं नाव १९९९ पासून आहे. मला विचाराल तर तीच घ्या.

न घेणाऱ्यांनी संकोच करू नये. नाना माळकरी आहेत. "झ्यू द रेझें आहे का?" असं विचारलं, तर बाईंनी आतून द्राक्षाच्या रसाची बाटली आणली.

वेळ असेल तर सें-झां-द-मिनेर्व्वापर्यंत जा. तिथली जमीन इतकी पांढरी की उन्हात डोळे दिपतात. तिथे बारीक मण्यांच्या मस्कातपासून गोड वाइन करतात. आंबणं मध्येच मद्य घालून थांबवतात, म्हणून द्राक्षाची साखर तशीच राहते. नानांनी ती चाखली नाही, नुसता ग्लास नाकाशी धरला. "ही वाइन आहे? हा तर पिकलेल्या घडाचा वास."

परत येताना

भारतात नेणार असाल तर माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येतं. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत चालत नाहीत. वाळकं थाइम, मध, ऑलिव्हचं तेल हेही इथलंच.

एक मात्र आणू नका. निघताना नानांनी बाईंना विचारायला लावलं, कारिन्यांची एक काडी मिळेल का, बांधावर लावून बघतो. बाई म्हणाल्या, हिवाळ्यात या, छाटणीच्या वेळी देईन. मी दोघांनाही नाही म्हणाले. रोपं-काड्या परवान्याशिवाय देशात नेता येत नाहीत, आणि फायलोक्सेरा फ्रान्सात आली ती अशाच हौसेनं आणलेल्या वेलींबरोबर. नानांना ते लगेच पटलं. त्यांनी खिशातून टेप काढला, त्या म्हाताऱ्या खोडाचा घेर मोजला आणि आकडा वहीत लिहून घेतला.